ॲव्हरेजचा खरा आकडा छापा: मोटार कंपन्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
कॉम्पॅक्ट एसयूव्ही बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि त्यांचे अधिकृत विक्रेते

स. न. वि. वि.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवून देण्याचा व्यवसाय करते. तुमच्यापैकी एका कंपनीने माझी तक्रार नुकतीच बंद केली. तक्रार अशी होती की गाडी घेताना ब्रोशरमध्ये ॲव्हरेज लिटरला १८ किलोमीटरच्या घरात छापलं होतं, आणि मला शहरात १० ते ११, हायवेला १४ ते १५ मिळतं. उत्तर दोन ओळींत आलं: छापलेला आकडा प्रमाणित चाचणीतला आहे, प्रत्यक्षात फरक पडू शकतो, आपल्या वाहनात दोष आढळला नाही. पाठोपाठ मोबाइलवर मेसेज, की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. समाधान झालं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

वाहनात दोष नाही, हे मलाही मान्य आहे. गाडी मजबूत आहे, उंच बसते, खड्ड्यातून निभावून नेते. माझी हरकत त्या आकड्याला आहे, आणि तो ज्या पद्धतीने ग्राहकापुढे ठेवला जातो त्याला आहे. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेतलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांचा अनुभव याहून वेगळा नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे.

आमच्या धंद्याचा हंगाम एप्रिल ते जून. शाळा उघडायच्या आत मापं घ्यायची, सॅम्पल दाखवायचे, राहिलेले गठ्ठे पोचवायचे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, मोहोळ, कधी विजयपूर. मोठा माल ट्रान्सपोर्टने जातो, पण फिरणं माझं मलाच करावं लागतं. गाडी कर्जावर घेतली. हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याला किती जाईल याचा हिशेब मांडूनच घेतली, आणि तो हिशेब तुमच्या आकड्यावर मांडला होता. महिन्याला १२०० किलोमीटर फिरणाऱ्या कुणाचंही उदाहरण घ्या. लिटरला १८ मिळाले तर ६७ लिटर लागतात, १२ मिळाले तर १०० लिटर. लिटरला नुसते शंभर रुपये धरले तरी फरक महिन्याला ३३०० रुपयांचा, पाच वर्षांत दोन लाखांचा. सोलापुरात पेट्रोल शंभराच्या वर आहे. शोरूममध्ये पाच हजारांच्या ॲक्सेसरीजवर आपण घासाघीस करतो, आणि या दोन लाखांबद्दल तिथे एक अक्षर बोललं जात नाही.

हा आकडा येतो कुठून, हे मी नीट समजून घेतलं. पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने चालवतात. चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, जास्तीत जास्त ९०. वेग हळूहळू वाढवायचा, गिअर कधी बदलायचा तेही ठरलेलं. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. एसी बंद. धुरातल्या वायूंवरून इंधन किती जळलं ते मोजतात. या पद्धतीचा एक उपयोग मी नाकारत नाही: सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात, त्यामुळे अमुक गाडी तमुकपेक्षा बरी, एवढं कळतं. चाचणी घेणाऱ्या संस्थेबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो आकडा 'इतकं मिळेल' अशा अर्थाने विकणारे तुम्ही आहात, म्हणून बोलणं तुमच्याशी आहे.

आता आमच्याकडची हवा बघा. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं. अशा वेळी एसी चैनीसाठी लावला जात नाही. सकाळी सातला निघालं तरी नऊनंतर तो लावावाच लागतो आणि पूर्ण जोराने लावावा लागतो, कारण तापलेला पत्रा, काचा, सीट सगळंच थंड करायचं असतं. कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लोकांसाठी लिहून ठेवलंय की फार उकाड्यात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, एसीमुळे गाडीचं ॲव्हरेज २५ टक्क्यांहून जास्त घटू शकतं. छोट्या फेऱ्या म्हणजे जुळे सोलापूरहून नवी पेठ, तिथून अक्कलकोट रोड, आणि परत. माझी निम्मी धावपळ अशीच असते.

त्यातही एक गोष्ट मला फार खटकते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की सुरू होतं, ही सोय तुम्ही 'पेट्रोल वाचवणारी' म्हणून मोठ्या अक्षरांत विकता. चाचणीत एसी बंद असतो, गाडी मधूनमधून थांबवलेली असते, म्हणजे तिथे या सोयीचा पुरेपूर फायदा आकड्यात उतरतो. सोलापूरच्या मे महिन्यात सात रस्त्याला थांबल्यावर इंजिन बंद झालंच तर थोड्या वेळात आतली हवा गरम होते आणि यंत्रणा इंजिन पुन्हा सुरू करते. बऱ्याचदा ते बंदच होत नाही. म्हणजे ज्या सोयीमुळे तुमचा छापील आकडा वर गेला, ती आमच्या गरजेच्या महिन्यांत जवळपास गैरहजर असते. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

गाडीच्या घडणीबद्दलही बोलायला हवं. कॉम्पॅक्ट एसयूव्ही चार मीटरच्या आत असते, बहुतेक गाड्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास, आणि पेट्रोल इंजिन पुष्कळदा १२०० सीसीच्या आत. हे माप करामुळे ठरलं. २००६ च्या अर्थसंकल्पापासून छोट्या गाडीची व्याख्या अशी आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही या मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के आणि त्यापलीकडच्या गाडीला ४० टक्के कर आहे. करात सवलत मिळते याचा मलाही आनंदच आहे. पण व्याख्येने छोटी असलेली ही गाडी उंचीने आणि वजनाने छोटी नाही. बाराशे किलोच्या आसपासचं धूड आणि तीन सिलिंडरचं लहान टर्बो इंजिन, म्हणजे जोर लागला की जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं. ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबला तर हे इंजिन खरोखर कमी पितं, आणि चाचणीत ते तसंच चालवलं जातं. गाडीत चार माणसं, डिकीत कापडाचे गठ्ठे, एसी चालू आणि तुळजापूरचा चढ, अशा वेळी टर्बो जोरात कामाला लागतो आणि मग ते लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतकंच पितं. तीन सिलिंडरचं टर्बो वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते भाराखाली किती पितं हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हाला नाही, एवढंच माझं म्हणणं.

पुणे रस्त्याचंही तसंच. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळा चौपदरी. केंद्राने अशा रस्त्यावर मोटारींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे आणि जवळपास सगळे तेवढ्याने जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलं तर तो दीडपटीहून जास्त होतो, ११० ने गेलं तर जवळपास दुप्पट. सपाट, बुटक्या सेडानला त्याचा त्रास कमी. उंच, रुंद तोंडाच्या गाडीला जास्त. तुमच्या चाचणीत ९० च्या वर गाडी जातच नाही. मग 'हायवेला १८ आरामात' हे वाक्य शोरूममधला मुलगा कशाच्या आधारावर म्हणतो? त्या मुलावर माझा राग नाही. त्याला तसं शिकवून उभं केलेलं असतं.

शहरातली गत वेगळी. पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या माझ्या भावाने वहीत हिशेब मांडून दाखवला: अशी गाडी थांबून पुन्हा ताशी ४० पर्यंत न्यायला नुसत्या वेग घेण्यात साधारण १० ते १२ मिलिलिटर पेट्रोल जातं, आणि पुढच्या स्पीड ब्रेकरला ब्रेक दाबला की ते सगळं ब्रेकच्या उष्णतेत संपतं. होटगी रोडपासून टिळक चौकापर्यंत किती वेळा थांबावं लागतं ते सोलापूरकरांनी मोजावं. स्पीड ब्रेकर तुम्ही घातलेले नाहीत, त्याचा जाब मी तुम्हाला विचारत नाही. पण भारतातल्या शहरात गाडी अशीच चालते, हे तुम्हाला गाडी आखतानाच माहीत असतं.

इथेनॉलचा विषय मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आमच्या जिल्ह्यात तो घराघरातला आहे. माझ्या माहेरी माळशिरस तालुक्यात ऊस आहे. साखर कारखान्यांनी इथेनॉल करावं, उसाची बिलं वेळेवर निघावीत, याला माझा पाठिंबाच आहे. पण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या एका लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, हे रसायनशास्त्र आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण येतं, त्यालाच ई२० म्हणतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्क्यांनी. म्हणजे सरकारी कागदावर घट मान्य आहे. मग तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न विचारला की 'मॅडम, इथेनॉलचा काही फरक नसतो' असं उत्तर का मिळतं? आणि ई२० चालेल अशा गाड्या सर्रास येऊ लागल्या त्या एप्रिल २०२३ च्या आधी गाडी घेतलेल्यांनी काय करायचं? त्यांच्या ब्रोशरवरचा आकडा कुठल्या इंधनावरचा होता, आता त्यांनी किती धरायचं, हे त्यांना पत्राने कळवणं तुमच्या हातात होतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त दुखावलं ते लिहिते. तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'गाडी कोण चालवतं?' मी चालवते म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, जणू उत्तर सापडलं. क्लचवर पाय ठेवत असाल, गिअर उशिरा बदलत असाल. मी वीस वर्षांपेक्षा जास्त काळ गाडी चालवते आहे. अंदाजाने बोलणाऱ्यांपैकी मी नाही. ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल करते, ट्रिप मीटर शून्य करते, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरते आणि भागाकार करते. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवर दिलीय तेवढी ठेवते. छतावर कॅरिअर नाही. एअर फिल्टर वेळेवर बदलला जातो, तुमच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. पंपाच्या मापाची शंका नको म्हणून तिथलं पाच लिटरचं शिक्क्याचं मापही मी भरून बघितलंय, ते बरोबर होतं. आणि एक गोष्ट लक्षात आली: डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज या हिशेबापेक्षा प्रत्येक वेळी जास्त असतं, कधीच कमी नाही. यावर 'तो अंदाज असतो' असं सांगितलं गेलं. हा अंदाज कायम तुमच्याच बाजूने का चुकतो, हे मला कुणी सांगितलं नाही.

चालवण्याच्या पद्धतीने फरक पडतोच, मी मान्य करते. धसमुसळेपणाने ब्रेक-ॲक्सिलरेटर मारणाऱ्याची आणि पुढचं बघून हळू सोडणाऱ्याची गाडी वेगळं ॲव्हरेज देईल. तरीही माणूस बदलला, सावकाश चालवली, सगळं सांभाळलं, तरी ४२ अंशांतला एसी आणि चौकाचौकातलं थांबणं शिल्लक राहतंच. ते चालकाच्या खाती टाकता येत नाही, आणि बाईच्या खाती तर नाहीच.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. मराठी वर्तमानपत्रात पानभर मराठी जाहिरात, ॲव्हरेजचा आकडा बोटभर उंचीचा, त्याला एक चांदणी, आणि त्या चांदणीचा खुलासा तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दाव्याचा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा, असं त्यात आहे. पेपर उघडून स्वतःच बघा.

'प्रत्यक्ष रस्त्यावर मोजणं शक्य नाही, प्रत्येकाचा रस्ता वेगळा' हे तुमचं नेहमीचं उत्तर आता चालण्यासारखं नाही. १ एप्रिल २०२३ पासून बीएस ६ या गाड्यांच्या धुराबाबतच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. तेव्हापासून धुराची चाचणी खऱ्या रस्त्यावर, गाडीच्या मागे यंत्र बसवून करावी लागते. त्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड मोजला जातो, आणि कार्बनवरून इंधन काढायची रीत तर प्रयोगशाळेत आधीपासून वापरतातच. म्हणजे रस्त्यावरचा आकडा तुमच्या कार्यालयात येऊ शकतो, कदाचित आलेलाही असेल. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीत खरा इंधनखर्च नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पेट्रोल गाड्या चाचणीतल्या आकड्यापेक्षा सरासरी सुमारे २४ टक्के जास्त इंधन खातात. तिथली चाचणी आपल्यापेक्षा कडक, तरी एवढी तफावत, आणि ती लोकांसमोर मांडली गेली. तुमच्यापैकी काही कंपन्या तिकडेही गाड्या विकतात. तिकडच्या ग्राहकाला जे सांगता ते सोलापूरच्या ग्राहकाला सांगायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या या आहेत.

प्रमाणित आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, आणखी दोन आकडे छापा: एसी चालू ठेवून शहरातला, आणि एसी चालू ठेवून ताशी १०० च्या हायवेचा. तापमान किती होतं, गाडीत किती वजन होतं, तेही लिहा. हे प्रत्येक व्हेरिएंटसाठी वेगळं हवं, कारण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, १६ इंची आणि १७ इंची टायर यांचं ॲव्हरेज सारखं नसतं.

ई२० मुळे कुठल्या वर्षीच्या कुठल्या मॉडेलचं ॲव्हरेज किती घटतं, याचा तक्ता तुमच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर मराठीत लावा. जुन्या गाड्याही त्यात घ्या.

जाहिरात मराठीत असेल तर खुलासाही मराठीत, वाचता येईल असा.

डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजमध्ये किती फरक असू शकतो ते मॅन्युअलमध्ये लिहा, आणि तो सतत एकाच बाजूला झुकत असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी सॉफ्टवेअरमधून दुरुस्त करा.

कमी ॲव्हरेजची तक्रार आली तर ग्राहकाला शेजारी बसवून, टाकी फुल करून, ठरलेल्या रस्त्यावर गाडी चालवा आणि आलेला आकडा सही-शिक्क्यासह कागदावर द्या. आमच्याकडे सोलापूर–तुळजापूर–सोलापूर हा रस्ता त्यासाठी चांगला आहे: थोडं शहर, थोडा हायवे, शेवटी चढ आणि परत उतार. हा कागद हातात येईपर्यंत तक्रार बंद झाल्याचा मेसेज पाठवू नका.

आणि एक अगदी बिनखर्चाची गोष्ट, जी विक्रेते उद्या सकाळपासून करू शकतात. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीच्या मीटरवर ती घेतल्यापासूनचं एकूण ॲव्हरेज नोंदलेलं असतं. ते शून्य करू नका. गिऱ्हाईक आलं की आधी ते दाखवा, मग ब्रोशर हातात द्या.

हे पत्र वाचून कुणी मला फोन करून एखादं सर्व्हिसिंग फुकट द्यायला निघालं तर त्यांनी तसदी घेऊ नये. माझ्या गाडीला सवलत नको. उत्तर द्यायचं असेल तर ते सगळ्यांना वाचता येईल असं, मराठीत आणि तारखेसह द्या: वरच्यापैकी कोणती मागणी मान्य आहे, कधीपासून, आणि कोणती मान्य नाही व का. या पत्राची एक प्रत टाकी-फुलच्या माझ्या नोंदींसह मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवत आहे. ज्या सोलापूरकरांनी अशा नोंदी ठेवल्या आहेत त्यांनीही आपापल्या नोंदी पाठवाव्यात, अशी त्यांना विनंती आहे.

आपली,
गणवेश व्यावसायिक आणि तुमचीच एक ग्राहक
सोलापूर